सांधेबदल आणि आतड्यातले जीवाणू

प्रश्न : आईच्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलंय. आतड्यातले चांगले जीवाणू कमी असले तर नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो, असं ऐकलं. ऑपरेशनआधी तिला प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का? नुकताच सर्दी-खोकला झाला होता म्हणून घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तिने घेतल्या होत्या.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझी नजर तिथेच अडकली. कॅप्सूलचं नंतर बघू.

तुम्ही ऐकलंत त्यात तथ्य आहे. असा संसर्ग १०० रुग्णांत साधारण एक-दोघांनाच होतो. पण झाला की पिच्छा सोडत नाही. जंतू कृत्रिम सांध्यावर चिकट थर धरतात, त्याच्या आत औषध धड पोचत नाही आणि कित्येकदा सांधाच काढून पुन्हा बसवावा लागतो. हे जंतू बहुतेक वेळा त्वचेवरचे, स्टॅफिलोकॉकस जातीचे. मग आतडं मध्येच कुठून आलं? उंदरांच्या गुडघ्यात टायटॅनियमचा छोटा सांधा बसवून तिथे मुद्दाम जंतू सोडले, तेव्हा अँटिबायोटिकने ज्यांच्या आतड्यातली वस्ती आधीच उठवली होती, त्यांना संसर्ग जास्त झाला. म्हणजे आतड्यात बिघाड झाला की गुडघ्यातली लढाईही लंगडी पडते. कधी कधी तर जंतू थेट आतड्यातूनच येतो. कृत्रिम सांध्यातल्या द्रवात स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस सापडला की मी रुग्णाला कोलोनोस्कोपीला, म्हणजे नळीच्या दुर्बिणीने मोठं आतडं तपासायला पाठवतो. ‘दुखतोय गुडघा आणि तपासणी पोटाची?’ म्हणून नातेवाईक चक्रावतात. पण या जंतूसोबत मोठ्या आतड्याचा कर्करोगही निघू शकतो.

आता कॅप्सूल. त्या घेतल्याने माणसांच्या सांध्यातला संसर्ग टळतो, असा पुरावा नाही. उंदरावरून थेट कॅप्सूलवर उडी जाहिरातवाल्यांनी मारावी, मी मारणार नाही. आईंना संधिवातासाठी स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल देऊच नका.

त्यापेक्षा घरातल्या उरलेल्या गोळ्या आधी बाहेर काढा. सर्दी विषाणूंची असते, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलट आतड्यातली वस्ती फुकट मरते. आईंनी कोणती गोळी किती दिवस घेतली, हे सर्जनना सांगा. तपासणीत लघवीत नुसते जंतू दिसले, जळजळ नाही, ताप नाही, तर त्यासाठीही सहसा औषध लागत नाही. साखर ताब्यात आहे ना, दातात किंवा पायाच्या बोटांमध्ये काही चिघळलेलं नाही ना, हे मात्र आत्ताच पाहून घ्या.

आणि हे वाचून ऑपरेशनच्या दिवशीच्या अँटिबायोटिकला नाही म्हणू नका! चिरा देण्याआधी तासाभरात शिरेतून मिळणारा तो डोस संसर्ग नक्की कमी करतो. नंतर मात्र दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले, तर जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) नावाचा जंतू अँटिबायोटिकनंतर अशाच वेळी डोकं वर काढतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.