वाचकांचे प्रश्न : विन्स यंग की मॅट लायनार्ट?

प्रश्न : आमचे चिरंजीव टेक्सास विद्यापीठात शिकले, तर सूनबाई सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. दोघे पुण्याला आले की अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या २००६ मधील विजेतेपदाच्या रोझ बोल सामन्यावरून त्यांची जुंपतेच. टेक्सासचा विन्स यंग आणि सदर्न कॅलिफोर्नियाचा मॅट लायनार्ट या दोन क्वार्टरबॅकमध्ये श्रेष्ठ कोण, हे आकड्यांवरून ठरवता येईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ठरवता येईल, मात्र कोणता आकडा कोणत्या कामाचा आहे हे आधी पाहावे लागेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू बहुतेक वेळा प्रथम क्वार्टरबॅककडे येतो आणि तो फेकायचा, सहकाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, यावर सारी चढाई अवलंबून असते. लायनार्टची भिस्त फेकीवर होती. यंग फेकतही असे आणि पळतही असे.

४ जानेवारी २००६ रोजी पासाडेना येथे टेक्सासने ४१-३८ असा विजय मिळवला. दोघांनीही ४०-४० फेकी केल्या आणि त्यांपैकी यंगच्या ३०, तर लायनार्टच्या २९ यशस्वी ठरल्या. परंतु लायनार्टने त्यांतून ३६५ यार्ड मिळवले, यंगने २६७. निव्वळ फेकीत लायनार्ट सरस होता, हे सूनबाईंचे म्हणणे मान्यच करायला हवे. यंगच्या एकाही फेकीवर टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळणारे गुण, झाले नाही. मात्र त्याने पळून २०० यार्ड काढले आणि तीन टचडाउन स्वतः नोंदवले. त्यांतले शेवटचे पुन्हा पाहण्यासारखे आहे. टेक्सास ३३-३८ असे मागे, चौथा म्हणजे अखेरचा प्रयत्न, हवे होते पाच यार्ड आणि गोलरेषा आठ यार्डांवर. यंगने फेकीसाठी सहकारी शोधला, कोणी मोकळा दिसेना, तेव्हा तो उजवीकडे वळला आणि थेट कोपऱ्यातून आत गेला. सामना संपायला १९ सेकंद उरले होते.

लायनार्टला मात्र ही संधीच मिळाली नाही. त्याआधी सदर्न कॅलिफोर्नियाला चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे असताना चेंडू घेऊन पळणाऱ्या लेंडेल व्हाइटकडे तो सोपवला गेला, व्हाइट अडवला गेला, चेंडू टेक्सासकडे गेला आणि त्या वेळी संघाचा दुसरा पळणारा खेळाडू रेजी बुश मैदानाबाहेर उभा होता. त्यामुळे पराभवाचे खापर लायनार्टवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. दुसऱ्या सत्रात गोलक्षेत्रात टेक्सासच्या मायकल ग्रिफिनच्या हाती गेलेली फेक तेवढी त्याची चूक होती.

तीन वर्षांच्या कामगिरीकडे पाहिले तर २००४ ची हाइजमन ट्रॉफी (सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार) आणि सलग ३४ विजयांच्या मालिकेतील नेतृत्व लायनार्टकडे आहे. यंगने २००५ च्या हंगामात ३००० यार्डांहून अधिक फेकीने आणि १००० हून अधिक पळून मिळवले; सर्वोच्च महाविद्यालयीन गटात एकाच हंगामात असे तोवर कोणी केले नव्हते. माझे मत यंगच्या बाजूने आहे, कारण आखलेला डाव फसल्यावरही त्याच्याकडे उपाय शिल्लक राहत असे, तर लायनार्टला बुश आणि व्हाइट यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा मोठा आधार होता.