वाचकांचे प्रश्न : दगडी जेटीलगत पाण्याखाली उतरताना

प्रश्न : मी तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. जुलैमध्ये मुलाकडे अटलांटाला जाणार असून, तेथून फ्लोरिडातील पनामा सिटी बीचजवळच्या सेंट अँड्र्यूज स्टेट पार्कमध्ये दगडी जेटीलगत डायव्हिंग करण्याचा आमचा विचार आहे. किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येते आणि खोलीही माझ्या मर्यादेत आहे, म्हणून ही जागा नवशिक्यांना सोपी आहे, असे मुलगा म्हणतो. ते कितपत खरे मानावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जागा सुंदर आहे आणि आपण ती अवश्य पाहावी, परंतु केवळ खोलीवरून तिला सोपी म्हणणे मला धोक्याचे वाटते. तेथील डाइव्ह सोपी होणार की अवघड, हे पाण्यात उतरण्याच्या वेळेवर ठरते.

सेंट अँड्र्यू उपसागर आणि मेक्सिकोचे आखात यांना जोडणारा हा जलमार्ग नैसर्गिक नाही. तो 1934 मध्ये खोदण्यात आला आणि वाळूने बुजू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे दगड रचून जेटी बांधण्यात आल्या. तेथे भरती-ओहोटीतला फरक सहसा एका मीटरलाही पोचत नाही, त्यामुळे कोकणातली भरती पाहिलेल्या माणसाला ती नगण्य वाटण्याचा संभव आहे. मात्र एवढ्या विस्तीर्ण उपसागराचे पाणी या अरुंद वाटेनेच आत-बाहेर होत असल्यामुळे मधल्या तासांत ओढ इतकी वाढते की सराव असलेल्या डायव्हरलाही तिच्याविरुद्ध पोहणे जमत नाही.

म्हणून भरती पूर्ण होऊन पाणी थांबण्याची वेळ गाठावी. त्या वेळी आखातातले स्वच्छ पाणी आत आलेले असते आणि चांगल्या दिवशी दहा मीटरच्या पुढचेही दिसते. ओहोटीच्या शेवटीही पाणी थांबते, पण तोवर उपसागरातले गढूळ पाणी जेटीपर्यंत उतरलेले असते. भरतीचा जोर ओसरू लागला की पाण्यात शिरावे, उरलेल्या ओढीविरुद्ध दगडांच्या कडेकडेने सावकाश समुद्राच्या दिशेने जावे आणि पाणी थांबताच परत फिरावे. उशीर झाला तर ओहोटीची ओढ आपल्याला थेट आखातात नेईल, आणि नेमक्या त्याच वेळी टाकीतली हवाही कमी झालेली असेल. तसे झाल्यास ओढीशी झुंजत बसू नये. तिला आडवे पोहून दगडांचा आडोसा गाठावा, कारण तळालगत आणि दगडांच्या मागे पाण्याचा जोर कमी असतो.

वेळ काढताना दोन गोष्टींत घोटाळा होतो. आपल्याकडचे मच्छीमार तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ सांगतात आणि मुंबई-कोकणात तो हिशेब बहुतेक बरोबर येतो. परंतु पनामा सिटीला बहुतेक दिवस चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी होते, त्यामुळे तो तेथे लागू पडत नाही. तेथे चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर असतो तेव्हा ओढ जोरकस असते आणि तो विषुववृत्तावर येतो त्या दिवसांत ती मंदावते. नवशिक्याने हे मंद दिवसच निवडावेत. दुसरे असे की, समुद्राची भरती पूर्ण झाली तरी उपसागराची पातळी मागे असल्याने पाणी काही काळ आत येतच राहते, म्हणून भरतीच्या वेळापत्रकावर विसंबू नये. अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था प्रवाहांची वेळापत्रके स्वतंत्रपणे देते, ती पाहावीत. आणि ती पाहूनही, पाण्यात उतरण्यापूर्वी दगडांवरचे शेवाळ कोणत्या दिशेला झुकले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे.

फ्लोरिडाच्या कायद्यानुसार तांबड्यावर पांढरा तिरका पट्टा असलेले निशाण तरंगत्या बोयावर लावून सोबत ओढावे लागते, आणि अशा जलमार्गात त्याच्या 100 फुटांच्या आत राहण्याचा प्रयत्न डायव्हरने करायचा असतो. बोटींनाही निशाणाजवळून अगदी मंद गतीने जाण्याचे बंधन आहे. तरीही सगळे बोटवाले ते पाळतील असे गृहीत धरू नका. वर येताना दगडांना चिकटूनच या. जेटीवर गळ टाकून बसलेली माणसे असतात आणि तुटलेले दोर खाचांत अडकून राहतात. ते सहज दिसत नाहीत, म्हणून दोर कापण्याचे साधन दोन्ही हात पोचतील अशा ठिकाणी बांधावे. दगडांवरून चढ-उतार करू नये. शेवाळाने पाय घसरतो आणि दगडांना चिकटून राहणाऱ्या, धारदार कवचाच्या बार्नेकल या जिवांनी कातडी सोलून निघते. वाळूवरूनच आत शिरावे. जुलैच्या दुपारी तेथे विजांचे ढग वारंवार येतात, तेव्हा सकाळची भरती मिळेल असा दिवस शोधावा.

समुद्राकडच्या बाजूला, दगडांनी अडवलेले उथळ पाणी आहे. पहिला दिवस तेथेच घालवावा, असा माझा आग्रह राहील. टाकी न घेता केवळ मुखवटा आणि स्नॉर्केल लावूनही तेथे पुष्कळ पाहता येते. दगडांवरचे बार्नेकल दातांनी फोडून खाणारा, काळ्या पट्ट्यांचा शीप्सहेड मासा, फटींतून डोके काढणारे इवलेसे ब्लेनी मासे, स्टोन क्रॅब जातीचे खेकडे आणि नशीब असेल तर ऑक्टोपस, हे सारे या मानवनिर्मित खडकांनी वालुकामय किनाऱ्यावर वसवलेले जग आहे, आणि ते घाईने पाहण्यासारखे नाही.

प्रश्न : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या दगडी बांधालगत असेच डायव्हिंग करता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करू नये. ते मासेमारीचे चालू बंदर आहे. ट्रॉलरांची सतत ये-जा, पंखे, जाळी आणि गाळाने गढूळ झालेले पाणी यांत डायव्हर वरून कोणालाही दिसत नाही, शिवाय बंदराच्या हद्दीत परवानगीवाचून उतरणेही योग्य नव्हे. खडकांवरचे जीवन पाहण्याची इच्छा असेल, तर पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर मालवणला जावे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात तेथील प्रशिक्षित डायव्हरांसोबतच उतरावे. तेथेही उधाणाच्या दिवसांपेक्षा भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असणारे, दिवस निवडल्यास पाण्याची ओढ कमी आणि दृश्यमानता अधिक मिळते.