प्रोब कधी हातात धरलेला नाही, जमेल का?

मॅडम, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि झोपच लागली नाही म्हणून लिहितेय. अकरा वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये गेली, आता अमेरिकेत नर्सिंग-फिजिओच्या मुलांना अल्ट्रासाउंडवर अ‍ॅनाटॉमी शिकवायची ऑफर, त्याचा प्रोब (अंगावर टेकवून फिरवतात तो) कधी धरलेला नाही आणि मुलगी सातवीत. मी आले तेव्हा माझंही हेच होतं, फक्त माझी चौथीत होती. व्हिसाचं सगळं साइटवर आहे, ते सांगत नाही.

प्रोब आपल्या हातात का नव्हता ते तुम्हाला माहितीये. मी बीडची. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा हवाच होता, आजही मी त्याच बाजूची आहे. पण त्यापायी आमच्या डिपार्टमेंटला मशीन कधी मिळालं नाही, आणि इथे साउथ कॅरोलायनात कोलंबियाच्या मेडिकल स्कूलला २००६ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात प्रोब देतात. मी तो एकोणचाळिसाव्या वर्षी शिकले, एका तरुण सोनोग्राफरकडून. लाज वाटली, खूप.

पहिल्यांदा लिनियर प्रोब स्वतःच्याच मानेवर ठेवला. शेजारीशेजारी दोन काळी वर्तुळं, जरा दाबलं की एक चपटं होतं ती ज्युग्युलर शीर, दुसरं ठोके देतच राहतं ती कॅरोटिड धमनी, श्वास रोखून जोर केला की शीर टम्म फुगते. फॉर्मलिनमधल्या इतक्या माना उघडल्या होत्या मी, तिथे ही शीर म्हणजे चिकटलेली रिकामी पट्टी. त्या दिवशी मशीनपाशी बसून रडले, हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

तर जमेल. स्क्रीनवर दिसतो तो काप शरीरात नेमका कुठला हेच मुलांना कळत नाही, लिव्हर आणि उजव्या किडनीमधली फट दाखवली तरी डोकं कुठे पाय कुठे गोंधळतात, ते तुम्हाला डोळे मिटून दिसेल. हाडाच्या नि हवेच्या मागचं दिसत नाही, त्यामुळे डिसेक्शनची बॉडी लागतेच. एक मात्र सही करायच्या आधी विचारा, मुलं एकमेकांना स्कॅन करतात, त्यात कुणाच्या थायरॉइडला गाठ दिसली तर सांगायचं कुणी आणि पाठवायचं कुठे? माझ्या वर्गात झालं हे, लेखी नियम काही नव्हता, ती पोरगी नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

ट्रान्सक्रिप्टची (युनिव्हर्सिटीच्या मार्कांच्या नोंदीची) सीलबंद पाकिटं जास्तीची काढून ठेवा. माझं दोनदा परत आलं, एकदा तर शिक्का पाकिटाच्या जोडावर नाही म्हणून, आणि बाबा सत्तरीत युनिव्हर्सिटीचे खेटे घालत होते.

एकटेपणा वाटतो, दिवाळीत जास्त. सवय होते.

मुलीचं मात्र नीट ऐका. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, मी अभिमानाने मराठी लिहिलं. तेवढ्यावरून तिची इंग्रजीची टेस्ट घेतली आणि वर्षभर सायन्सच्या तासातून उठवून तिला ईएसएलला, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला, नेत होते, इंग्लिश मीडियमची पोर, वयापेक्षा पुढचं वाचणारी. मी जाऊन भांडायला हवं होतं, पण नोकरी नवी, प्रोब शिकायचा, नाही गेले. तिने घरात मराठी बोलणं बंद केलं ते अजून बंदच आहे. फॉर्मवर खोटं लिहा असं नाही म्हणणार मी, पण टेस्टचा निकाल लेखी मागा. आणि तो वर्ग नको म्हणायचा हक्क पालकांना असतो. मला हे दोन वर्षांनी कळलं.