५ वेटच्या फ्लाय रॉडला ६ नंबरची लाईन चालेल का?

चालते, पण आधी रॉडवर, म्हणजे मासे पकडायच्या काठीवर, काय लिहिलंय ते बघा, हँडलच्या जरा वर बारीक अक्षरात ९ फूट, ५ वेट (म्हणजे ५ नंबरच्या वजनाच्या लाईनसाठी बनवलेला) असं काहीतरी असतं, तोच नंबर लाईनच्या, म्हणजे दोरीच्या, बॉक्सवर शोधायचा. डब्ल्यूएफ५एफ म्हणजे पुढून जड, ५ नंबरची, तरंगणारी. सुरुवातीला हेच घ्या, उगाच डोकं लावू नका.

साध्या गळाला शिसं असतं ना, ते दोरी ओढत नेतं. इथे फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेली खोटी माशी, पिसाएवढी, तिला कसलं आलंय वजन, त्यामुळे रॉड वाकवायचं काम लाईनच करते. नंबर ठरतो तो लाईनच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून, ५ ला १४० ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम, ६ ला १६०. आता तीर्थनसारख्या हिमाचलच्या नदीत ट्राउटसाठी दगडांमधून २०-२५ फूटच टाकायचं असेल तर ३० फूट बाहेरच येत नाहीत आणि रॉड, त्यातून कडक असेल तर, काठीसारखा ताठ राहतो, तिथे ६ ची लाईन खरंच बरी पडते. लांब फेकायला गेलात की मात्र तोच रॉड दमतो, लूप, म्हणजे हवेतला लाईनचा वळसा, उघडा पडतो आणि सगळं पाण्यावर धपकन.

अजून एक, हल्ली बऱ्याच लाईन्स मुद्दाम अर्धा नंबर जड बनवतात, नाव ५ च असतं. म्हणून बॉक्सवर ग्रेन छापलेत का बघा, नाहीतर ६ घ्याल आणि हातात साडेसहा येईल.