जठरातील शिरा : फुगवटा दिसतो, पण रक्त वाहते का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 61) सिरोसिस (यकृत कठीण होत जाण्याचा आजार) आहे. रक्ताची उलटी झाल्यावर दुर्बिणीतून जठरातील फुगलेल्या शिरेत ‘ग्लू’ सोडण्यात आला. दीड महिन्यानंतरही फुगवटा तसाच दिसल्याने डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला आहे. उपचार फसला का? सोनोग्राफीवर भागणार नाही का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : फुगवटा दिसतो एवढ्यावरून उपचार फसला असे समजू नये. अन्ननलिकेतील शिरा रबरी बँड लावून बांधता येतात. जठराच्या वरच्या भागातील शिरा मात्र जाड असल्याने तेथे बहुधा ग्लू म्हणजेच सायनोअ‍ॅक्रिलेट सुईने शिरेत सोडतात, आणि ते रक्त लागताच घट्ट होऊन बुचासारखे बसते. हे बूच सुटून पडायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात व तोवर शीर बाहेरून फुगलेलीच दिसते. म्हणून तिच्यात रक्त वाहते की नाही, हे पाहावे लागते.

पोटावरून केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनचा प्रवाह कळतो, परंतु जठरातील हवा आड येत असल्याने या शिरा नीट दिसत नाहीत. सीटीमध्ये डाय दिल्यावर वाहती शीर उजळते, बंद झालेली उजळत नाही. ग्लूमध्ये बहुधा लिपिओडॉल हे तेलकट द्रव्य मिसळलेले असते व ते मुळातच पांढरेशुभ्र दिसते, त्यामुळे डायपूर्वीची चित्रेही हवीत. शिवाय जठराच्या शिरांतून डाव्या किडनीच्या शिरेकडे आडवाट गेली असेल, तर तीही याच स्कॅनमध्ये सापडते. तशी वाट असल्यास मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून नळी नेऊन, फुग्याने ती अडवून औषध भरण्याचा ‘बीआरटीओ’ हा पर्याय खुला होतो. मात्र ती बंद केल्यावर पोर्टल व्हेनमधील दाब वाढून अन्ननलिकेतील शिरा फुगू शकतात. म्हणून त्यानंतरही दुर्बीण तपासणी चुकवू नये.

स्कॅनपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे; डाय देण्याआधी किडनीचे काम कसे चालले आहे, ते त्यावरून कळते. ठाण्यातील दुसऱ्या सेंटरवर जाणार असाल, तर आधी स्कॅन झाला असल्यास त्याची सीडी सोबत न्यावी. पुष्कळ जण नुसता रिपोर्टचा कागद आणतात आणि तुलना करायची ती चित्रे घरच्या कपाटातच राहतात.

दरम्यान शौच डांबरासारखी काळी व चिकट झाली किंवा पुन्हा रक्ताची उलटी झाली, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते खरी, पण ही शहानिशा घरी करत बसू नये.