दोन औषधांनी फिट थांबत नसेल तर चौथ्या गोळीवर आस लावून बसू नका

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण २४ वर्षांची आहे, नवव्या वर्षापासून फिट येतात. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम, क्लोबाझाम अशी तीन औषधं झाली, तरी महिन्यातून तीन-चार फिट येतातच, आणि आता डॉक्टर चौथं औषध जोडू म्हणतात. घरात लग्नाचं बोलणं सुरू आहे. त्यात नातेवाईक रोज काहीतरी नवं सांगतात: गांजाचं तेल, स्टेम सेल, मेंदूतली चिप. यातलं खरं किती आणि तिच्या उपयोगाचं काय, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. मला टेम्पोरल लोबची (कानाजवळच्या मेंदूच्या भागातून सुरू होणारी) एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार होता, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून मी अशा घरांशी बोलत आले आहे. त्या जोरावर एकच गोष्ट ठामपणे सांगते. चौथी गोळी खुशाल सुरू करा, पण तिचा गुण येतो का हे बघण्यात आणखी दोन वर्षं घालवू नका. फिट जिथून सुरू होते तो मेंदूचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते का, याची पूर्ण तपासणी याच वर्षी करून घ्या.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्येच व्याख्या करून ठेवली आहे: नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर ती औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी समजायची आणि रुग्णाला मोठ्या एपिलेप्सी केंद्रात पाठवायचं. तुमच्या बहिणीने ती रेषा केव्हाच ओलांडली आहे. ग्लासगोमध्ये १९८२ ते २०१२ या काळात उपचार सुरू झालेल्या १,७९५ रुग्णांचा हिशोब २०१८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधाने साधारण निम्म्यांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १२ टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्याने जेमतेम ४ टक्के. त्याच तीस वर्षांत कितीतरी नवी औषधं बाजारात आली, तरी फिट पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. नव्या औषधांचा फायदा नाही असं नाही. लेव्हेटिरासेटामने चिडचिड होत असेल तर ब्रिव्हारासेटामने ती बऱ्याच जणांची कमी होते, आणि घरात शांतता येणं ही छोटी गोष्ट नव्हे. पण ज्याला दोन औषधांनी गुण आला नाही, त्याला पुढच्याने येईल ही आशा आकडे फारशी देत नाहीत.

तुम्ही फिटचं वर्णन छान केलं आहे. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग ती एकटक बघत राहते, ओठ चाटते, ओढणी चाळवते, दोन मिनिटांनी भानावर येते आणि तिला काहीच आठवत नाही. लहानपणी तापात मोठी आकडी आली होती, हेही लिहिलंय. हे सगळं टेम्पोरल लोबकडे बोट दाखवतं. नक्की काय ते तपासणीच सांगेल, पण शस्त्रक्रियेने सर्वांत चांगला गुण येतो त्या प्रकारांपैकी हा एक आहे, म्हणून मी इतकी मागे लागले आहे.

तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रीकरण चालू ठेवून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण लोक याच टप्प्यावर घाबरून परत येतात. डोक्याची मापं घेऊन पेन्सिलने खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एक वायर डिंकासारख्या उग्र वासाच्या द्रवाने चिकटवतात आणि वरून बँडेजचा फेटा बांधतात. पलंगावर कॅमेरा रोखलेला असतो. मग गोळ्या हळूहळू कमी करतात, कारण इथे फिट यायलाच हवी. जन्मभर फिट येऊ नये म्हणून जपलेल्या मुलीला फिट यावी म्हणून वाट बघणं आईला फार जड जातं. पण हे रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली होतं, सलाईनची सुई आधीच लावलेली असते. घरी हा प्रयोग कधीही करायचा नाही.

फिट सुरू झाली की सोबतच्या माणसाने बटण दाबायचं आणि पांघरूण बाजूला करायचं. जवळ घेऊन कुशीत धरू नका, कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. नर्स येऊन नाव विचारते, हात उचलायला सांगते, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगते आणि नंतर तो आठवतो का ते पाहते. कोणता हात ताठ झाला, कोणत्या हाताने ओढणी चाळवली, भानावर येताना नाक कोणत्या हाताने पुसलं, एवढ्याशा गोष्टींवरून फिट मेंदूच्या डाव्या बाजूने सुरू होते की उजव्या, याचा अंदाज डॉक्टर बांधतात. याच तपासणीत काही जणांच्या बाबतीत उलटंही कळतं: झटके एपिलेप्सीचे नव्हतेच, वर्षानुवर्षं गोळ्या उगाच चालू होत्या.

जोडीला ३ टेस्लाचा (जास्त ताकदीच्या चुंबकाचा) एमआरआय लागतो, आणि तोही एपिलेप्सीसाठी ठरवलेल्या पद्धतीने, पातळ काप घेऊन. साध्या एमआरआयवर ‘नॉर्मल’ लिहून आलं म्हणून सोडून देऊ नका. हिप्पोकॅम्पसचा (टेम्पोरल लोबमधल्या स्मरणशक्तीच्या भागाचा) आकसलेला भाग किंवा मेंदूच्या सालीतला जन्मतः राहिलेला बारीक दोष साध्या एमआरआयमध्ये निसटतो. आपल्याकडे पट्टकृमीच्या अळीमुळे मेंदूत राहिलेले डागही वरचेवर सापडतात, त्यामुळे फिट नक्की त्या डागातूनच येते का, हेही ताडून पाहावं लागतं. मग स्मरणशक्तीची आणि भाषेची चाचणी, गरज पडली तर पेट स्कॅन. इतकं करूनही जागा कळली नाही, तर कवटीला छोटी छिद्रं पाडून आत तारा सोडून ईईजी घेतात. तशी वेळ सगळ्यांवर येत नाही.

आता शस्त्रक्रियेचे आकडे. कॅनडात ८० जणांवर झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्यातले ५८ टक्के वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या फिटमधून मुक्त होते, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांमधले ८ टक्के. आपल्या दिल्लीच्या एम्समधली चाचणी २०१७ ची, १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर: शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने ७७ टक्के मुलं फिटमुक्त, नुसत्या औषधांवर ७ टक्के. ही मुलं आपल्याच देशातली, सरकारी रुग्णालयात उपचार घेणारी होती. परदेशात जायची गरज नाही आणि घर विकायचीही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून हे काम चालू आहे, मुंबईत केईएम आहे, बेंगळुरूला निमहान्स आहे. खर्चासाठी शासकीय योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

धोके लपवणार नाही. डावी बाजू असेल तर शब्द आणि नावं आठवायला त्रास होऊ शकतो, नजरेचा वरचा एक कोपरा थोडा कमी होऊ शकतो, आणि क्वचित जंतुसंसर्ग किंवा अर्धांगासारखी गंभीर गुंतागुंत होते. माझी उजवी बाजू होती, तरी नव्या माणसांची नावं मला पूर्वीइतकी पटकन आठवत नाहीत. गोळ्याही लगेच बंद होत नाहीत. पण ‘मेंदूला हात लावायचा म्हणजे केवढा धोका’ म्हणताना काहीच न करण्यातला धोकाही मोजायला हवा. एपिलेप्सी असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो, बहुधा झोपेत, आणि अंग झटकणाऱ्या मोठ्या फिट चालू असल्या की हा धोका वाढतो. हे वाचून आईला झोप लागणार नाही, म्हणून तिला कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण तुम्हाला माहीत असायलाच हवं.

नातेवाइकांनी सांगितलेल्या गोष्टींकडे येते. गांजातल्या कॅनाबिडिओलचं शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झालं, ते ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालपणात सुरू होणाऱ्या दोन गंभीर प्रकारांसाठी. तुमच्या बहिणीचं चित्र तसं नाही. शिवाय दुकानात मिळणाऱ्या तेलात नेमकं किती काय आहे याचा भरवसा नसतो, क्लोबाझामबरोबर गुंगी वाढते आणि व्हॅल्प्रोएटबरोबर यकृतावर ताण येतो. ती दोन्ही औषधं तिने घेतलेली आहेत, म्हणजे डॉक्टरांना न विचारता हे तेल द्यायचंच नाही.

‘चिप’ म्हणतात ती खरी आहे. छातीत किंवा कवटीत उपकरण बसवून नसेला किंवा मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचे हलके झटके देतात. यातलं मानेतल्या व्हेगस नसेचं उपकरण अमेरिकेत १९९७ पासून आहे, फिट ओळखून जागीच प्रतिसाद देणारं २०१३ पासून. त्याने फिट निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात असे बरेच जण आहेत, पूर्ण थांबलेले थोडे. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी ते राखून ठेवतात. नव्या गोळ्यांत सेनोबामेटबद्दल मला खरी आशा आहे. तिच्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर पाचातल्या एकाच्या फिट त्या काही आठवड्यांपुरत्या तरी पूर्ण थांबल्या होत्या, आणि इतक्या हट्टी रुग्णांत हा आकडा मोठा आहे. ती अगदी हळूहळू वाढवावी लागते, घाई केली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

स्टेम सेलबद्दल मात्र कडक बोलते. अमेरिकेत टेम्पोरल लोबच्या एपिलेप्सीसाठी फिट शमवणाऱ्या पेशी मेंदूत सोडण्याची चाचणी खरोखर चालू आहे, आणि मीही तिच्यावर नजर ठेवून आहे. पण चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. आपल्याकडे लाखो रुपये घेऊन पाठीच्या कण्यात इंजेक्शन देणाऱ्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एपिलेप्सीसाठी असा उपचार मान्य नाही. तो पैसा तपासणीसाठी ठेवा.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरांशी आजच बोला. गरोदरपणी ते चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष दिसतो, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी येतात. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटाम त्या मानाने बरीच सुरक्षित आहेत. बदल लग्नाआधी, सावकाश आणि डॉक्टरांच्याच हाताने व्हायला हवा. घाबरून एका रात्रीत गोळी बंद केली तर फिटांची रांग लागेल. आणि आजार लपवून लग्न लावू नका. १९९९ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून एपिलेप्सी ही हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणारी गोष्ट राहिलेली नाही. लपवालपवीत मुलगी सासरी गोळ्या चोरून घेते, मग चुकवते, आणि फिट वाढतात. तपासणी आधी होऊ द्या, तिथे काय निघतं ते तिला स्वतःला कळू द्या, मग स्थळं बघा.

केंद्रात जाण्याआधी एवढं करा: घरी फिट आली की मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ घ्या, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. एका वहीत तारीख, वेळ, झोप, पाळी आणि चुकलेली गोळी लिहून ठेवा. आजवरचं प्रत्येक औषध, त्याचा सर्वांत मोठा डोस आणि ते का बंद केलं, हे एका कागदावर उतरवा. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा. फिट पाच मिनिटांपुढे गेली तर तो वापरायचा आणि रुग्णालय गाठायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही. आणि जुन्या एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी मागून घ्या. केंद्रातले डॉक्टर चित्रं स्वतः बघतात, आणि दुसऱ्यांच्या नजरेतून निसटलेलं पुष्कळदा तिथेच सापडतं.