सांगोल्याच्या रानातून गोठलेल्या मातीकडे

पत्र थोडक्यात असं: ‘मुलगी पुण्यात ई अँड टीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार इंजिनिअरिंगच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. बरोबरीच्या मुली सॉफ्टवेअर कंपन्यांच्या तयारीला लागल्या. हिचं मात्र एकच चाललंय, हिवाळ्यात माती कधी गोठते, कधी वितळते ते रडारनं बघायचं. त्यासाठी फिनलंडला मास्टर्स करायचं म्हणते. सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग आहे. पोरीला मातीतनं बाहेर काढावं म्हणून शिकवलं, ती परत मातीतच निघाली, तीही गोठलेल्या! कर्ज काढावं लागेल. या शिक्षणाला पुढं विचारतं कोण? आणि तिकडं उणे तीस असतं म्हणे. पोर टिकेल का?’

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग सावकाश पुन्हा वाचलं. उत्तराआधी एक विचारते. पाऊस उघडल्यावर ट्रॅक्टर रानात घालायचा की नाही, हे तुम्ही कसं ठरवता? मूठभर माती उचलून दाबता, वाफसा आलाय का बघता. तुमच्या मुलीला तेच करायचंय, फक्त ७०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहातून आणि मातीला हात न लावता.

रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं आणि जमिनीवरून परत किती आल्या ते मोजतं. त्याला ना सूर्य लागतो ना निरभ्र आकाश, म्हणून उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यात तेच कामाला येतं. या लहरींना पाणी ठळक दिसतं, बर्फ जवळजवळ दिसतच नाही. भौतिकशास्त्रात त्यासाठी डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट नावाचा आकडा आहे. पाण्याचा ८० च्या आसपास, बर्फाचा जेमतेम ३, आणि कोरड्या मातीचाही ३ ते ५. म्हणजे माती गोठली की पाणी जागच्या जागी असतं, पण रडारच्या लेखी रान कोरडं पडतं आणि परत येणारा सिग्नल घसरतो. घरी मायक्रोवेव्ह असेल तर एका वाटीत पाणी आणि दुसरीत फ्रीजरमधला घट्ट बर्फ, दोन्ही अर्धा मिनिट ठेवून बघा. पाणी तापलेलं असेल, बर्फ बऱ्यापैकी तसाच. मुलीच्या विषयाचा पाया एवढाच आहे.

अवघड पुढं आहे. माती शून्याला पोचली की पट्कन गोठत नाही. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे तापमान कित्येक दिवस, ओल भरपूर असेल तर कित्येक आठवडे, शून्यावरच अडून राहतं. चिकण मातीत तर शून्याखालीही पाण्याचा पातळ थर द्रवच राहतो. वर कोरडा बर्फ पडला तर लांब लहरी त्यातून आरपार जातात, पण तोच बर्फ वितळून ओला झाला की लहरी शोषून घेतो. सिग्नल पुन्हा घसरतो. आता सांगा, माती गोठली की वरचा बर्फ वितळायला लागला? दोन्ही अगदी उलट गोष्टी आणि पडद्यावर दिसायला सारख्या! हा गुंता सोडवणाऱ्यालाच तिथं पगार मिळतो.

कोण देतं म्हणाल, तर ज्यांचं गोठण्यावर पोट आहे ते. फिनलंडमध्ये पाणथळ जंगलातली लाकूडतोड हिवाळ्यात करतात, कारण जमीन गोठली की अवजड यंत्रं रुतत नाहीत. वसंतात गोठलेल्या मातीत पाणी मुरत नाही, वितळलेला बर्फ थेट नदीत उतरतो. पुराचा अंदाज बांधणाऱ्यांना हे आधी कळावं लागतं. त्याच दिवसांत रस्त्याखालची माती ढिली होते आणि जड वाहनांना बंदी घालावी लागते. आणखी उत्तरेला, कायम गोठलेल्या जमिनीत, साधारण १,५०० अब्ज टन कार्बन दडलाय, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. तो सुटायला लागला तर सांगोल्याच्या पावसालाही त्याची झळ बसणार.

आता एक गोष्ट मुलीला मुद्दाम वाचून दाखवा. नासानं ३१ जानेवारी २०१५ रोजी ‘स्मॅप’ नावाचा उपग्रह सोडला. मातीची ओल आणि गोठणं मोजणं हेच त्याचं काम. गोठण-वितळणीचा ३ किलोमीटर बारकाईचा, म्हणजे एकेक चौकोन ३ किलोमीटरचा असलेला, नकाशा त्याच्या रडारवरून बनणार होता. ७ जुलैला ते रडार बंद पडलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. वर्षानुवर्षांची तयारी पाण्यात! पण त्याच उपग्रहावर रेडिओमीटर होता. तो स्वतः लहरी सोडत नाही, जमिनीतून निघणाऱ्या टिपतो. लोकांनी त्यावरून नकाशा बनवला, ३ ऐवजी ३६ किलोमीटरचा, भरड, पण उपयोगाचा. हे जमलं ते ज्यांना पाणी आणि लहरींचं नातं पक्कं ठाऊक होतं त्यांना. ज्यांना नुसतं एक सॉफ्टवेअर चालवता येत होतं, त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून माझं मत: विषय चांगला आहे, पण कर्ज आत्ता नको.

या वाटेवर खऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि बऱ्याच पीएच.डी.नंतरच्या. फिनलंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टर्सची फी वर्षाला हजारो युरो पडते, पीएच.डी.ला मात्र फी नाही. तेव्हा मास्टर्स इथं करून पीएच.डी.ला तिकडं जाणं घरच्या खिशाला झेपणारं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी, मग मी अडवणार नाही. आयआयटी मुंबईत ‘सीएसआरई’ हे केंद्र आहे, तिथं रडार रिमोट सेन्सिंगचं, म्हणजे रडारनं दुरून मोजमाप करण्याचं, चांगलं काम चालतं. डेहराडूनला हाच विषय शिकवणारी इस्रोचीच आयआयआरएस ही संस्था आहे. तिचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात, ते तर या सुट्टीतच करता येतील. एम.टेक.च्या ‘गेट’ प्रवेश परीक्षेला आता जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमिनीच्या मोजणी-नकाशांच्या विषयाचा, स्वतंत्र पेपर आहे, पण तिच्या शाखेला कुठला पेपर कुठं चालतो हे तिनं प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात नीट बघावं.

इथं बर्फ कुठंय, असं तुम्ही म्हणाल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो, हे खरंच. पण लडाख आणि स्पीतीत जमीन गोठते. गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं स्पीतीत ‘हिमांश’ हे ठाणं आहे, आणि उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं ‘हिमाद्री’ २००८ पासून चालू आहे. शिवाय नासा-इस्रोचा ‘निसार’ हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. त्याचं एक रडार नासाचं, दुसरं इस्रोचं, आणि दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो. त्याचा डेटा वाचणारी माणसं लागणार, मग माती गोठलेली असो की भिजलेली. बर्फाचं काही जमलं नाही तर हेच ज्ञान धरणक्षेत्राला, पीकविम्याला, अगदी पुण्यात मोटारींची रडारं बनवणाऱ्यांनाही चालतं.

तेव्हा पुढचे सहा महिने असे घालवा. युरोपचा ‘सेंटिनेल-१’ हा रडार उपग्रह आहे, त्याच्या प्रतिमा फुकट मिळतात. तिनं आधी तुमच्याच एका मोकळ्या रानावरच्या घ्याव्यात. बाग नको, फांद्यापानं मध्ये येतात. एका एकरात प्रतिमेतले १० मीटरचे चाळीसेक चौकोन बसतात. एकेका चौकोनावर विश्वास ठेवू नये, रडारची प्रतिमा नेहमी ठिपक्याठिपक्यांची असते, म्हणून सरासरी घ्यावी. उपग्रह ज्या दिवशी वरून जाईल त्या दिवशी तुम्ही टेन्सिओमीटरचं (मातीतली ओल सांगणाऱ्या यंत्राचं) रीडिंग आणि वाफसा आहे-नाही एवढं वहीत लिहा. मग तिनं उत्तर फिनलंडमधल्या सोदान्क्युलाच्या ऑक्टोबर ते एप्रिलच्या प्रतिमा घेऊन हीच रीत लावावी. तिथं फिनलंडच्या हवामान खात्याचं मोठं संशोधन केंद्र आहे. फिनलंडमध्ये मातीत निळ्या रंगाच्या पाण्याची नळी पुरून ठेवतात. पाणी गोठलं की निळा रंग जातो, आणि पट्टी लावून किती खोल गोठलं ते वाचतात. उपग्रहाचं खरं-खोटं शेवटी अशा नळीवरच ठरतं.

यातला बराच वेळ पायथॉन या संगणकी भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात आणि बिघडलेला डेटा साफ करण्यात जाईल. तिला ते कंटाळवाणं वाटलं तर फिनलंडही कंटाळवाणं वाटेल. रमली तर हा प्रोजेक्ट प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडा.

राहिलं उणे तीस. तिथली घरं, बस, प्रयोगशाळा सगळं आतून ऊबदार असतं, आणि बर्फात मोजमापाला जाणारे एकटे जात नाहीत. इथून जाड स्वेटरांची बॅग भरू नका, कपडे तिथलेच घ्यावेत. मी थंडीपेक्षा अंधाराची काळजी करेन. सोदान्क्युलाला २१ डिसेंबरच्या आसपास काही दिवस सूर्य वर येतच नाही, आणि घरापासून दूर असलेल्या मुलांना ते जड जातं. तेव्हा रोज ठरलेल्या वेळी फोन करा, आणि रानात वाफसा आलाय की नाही ते सांगा.